लाकडी चौकटीचे वाफे : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मृग जवळ आला की परसबागेची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांचा विषय एकच आहे: फळ्यांची चौकट करून, त्यात माती भरून केलेला उंच वाफा. शेतकऱ्यांचा गादीवाफा तोच, फक्त कडा मातीऐवजी लाकडाच्या. निवडक पत्रांना सविस्तर उत्तरं देत आहोत.

प्रश्न (चिपळूण) : घरामागे 4 फूट बाय 8 फूट वाफा करायचा आहे. पावसात तिथे पाणी साचतं. सागवान परवडत नाही, वखारीत आंब्याच्या फळ्या स्वस्त आहेत. त्या चालतील का? चौकट बांधायची नेमकी रीतही सांगा.

आंबा नको. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने लाकडाच्या खुंट्या जमिनीत पुरून कुठलं लाकूड किती टिकतं ते तपासलं आणि त्यावरून तीन वर्ग पाडले: 120 महिने किंवा जास्त टिकणारं, 60 ते 120 महिने टिकणारं आणि 60 महिन्यांच्या आत संपणारं. साग पहिल्या वर्गात येतो, आंबा शेवटच्या. कोकणच्या पावसात ओल्या मातीला टेकलेली आंब्याची फळी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नखाने खरवडता येईल इतकी मऊ होते. सागाच्या खालोखाल ऐन, किंजळ आणि फणसाचा पिवळा गाभा बघा. कुठलंही लाकूड घेताना फळीची कड तपासा. गाभ्याच्या बाहेरचा पांढरट पट्टा कोवळ्या लाकडाचा असतो आणि तो सागाचा असला तरी कुजतो. फळीत असा पट्टा दोन बोटांहून रुंद असेल तर ती फळी बाजूला ठेवा.

मात्र तुमच्या भागात याहून चांगला मार्ग आहे. लाकूड सगळ्यात आधी जमिनीच्या रेषेवर कुजतं, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही एकदम मिळतात. म्हणून तळाचा थर जांभा चिऱ्याचा घ्या आणि त्यावर 6 इंच रुंदीची एकच फळी बसवा. लाकूड निम्मं लागेल, म्हणजे त्याच पैशात चांगल्या प्रतीचं घेता येईल. ज्यांच्याकडे चिरा नाही त्यांनी भाजकी वीट किंवा शहाबादी फरशीचे तुकडे वापरावेत.

पूर्ण लाकडी, 12 इंच उंच चौकटीचा हिशेब असा. फळ्या 6 इंच रुंद, दीड इंच जाड. 8 फुटी चार आणि 3 फूट 9 इंचांच्या चार. आडव्या फळ्या 3 इंचांनी कमी कापायच्या, कारण त्या लांब फळ्यांच्या आत बसतात आणि बाहेरचं माप बरोबर 4 बाय 8 येतं. खांब 3 बाय 3 इंच, 11 इंच उंच, सहा नग: चार कोपऱ्यांना, दोन लांब बाजूंच्या मध्यावर. फळ्यांना 3 घनफुटांच्या आसपास आणि खांबांना घनफुटाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं लाकूड जातं. छाट धरून वखारीत पावणेचार घनफूट सांगा. 3 इंची स्टेनलेस किंवा जस्ताचा मुलामा असलेले स्क्रू 40 लागतात, 50 घ्या. काळे ड्रायवॉल स्क्रू घेऊ नका, एका पावसाळ्यात गंजून त्यांची डोकी तुटतात.

सपाट जागेवर आधी एक लांब बाजू जोडा. दोन फळ्या एकावर एक कडेला कड लावून ठेवा, खांब आतल्या बाजूला. कोपऱ्याचा खांब फळीच्या टोकापासून दीड इंच आत धरायचा, म्हणजे आडवी फळी त्या खाचेत बसते. 11 इंचांचा खांब वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली ठेवला की तळाशीही अर्धा इंच सुटतो आणि खांबाचा कापलेला तळ ओलीत उभा राहत नाही. प्रत्येक फळीला प्रत्येक खांबावर दोन स्क्रू. फळीत 5 मिलिमीटरचं आणि खांबात 3 मिलिमीटरचं भोक आधी ड्रिलने पाडा. ऐनासारख्या कठीण लाकडात भोक न पाडता स्क्रू घातला तर फळी टोकाला हमखास तडकते. कोपऱ्यात दोन्ही बाजूंचे स्क्रू खांबात एकमेकांना आडवे येतात. म्हणून लांब बाजूचे स्क्रू फळीच्या कडांपासून 1 इंचावर आणि आडव्या बाजूचे 2 इंचांवर घ्या.

फळ्यांच्या कापलेल्या टोकांकडे फार लोकांचं लक्ष जात नाही, आणि चूक तिथेच होते. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात, सपाट बाजूपेक्षा टोक कितीतरी जास्त पाणी ओढतं. जोडणीआधी प्रत्येक टोकाला जवसाचं तेल तीनदा पाजा, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. कच्चं तेल मिळालं तर उत्तम. दुकानात उकळलेलं म्हणून मिळतं त्यात ते लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असू शकतात. काजूच्या टरफलाचं तेलही लाकूड चांगलं राखतं. पण ते कातडी जाळतं, तेव्हा हातमोजे घालून, फक्त बाहेरून लावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय माती भरू नका.

चौकट जागेवर ठेवण्याआधी तिच्या कडेकडेने 6 इंच रुंद, 4 इंच खोल चर खणून त्यात खडी भरा आणि खडीवर दर 2 फुटांवर वीट किंवा चिऱ्याचा तुकडा. चौकट त्यावर टेकवा, पाणसळ धरून समतल करा. मग दोन्ही कर्ण मोजा. 4 बाय 8 च्या चौकटीचा कर्ण 8 फूट 11 इंच आणि वर अडीच-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरतो. नेमका आकडा पुढेमागे झाला तरी चालेल, पण दोन्ही कर्ण सारखे हवेत. कमी-जास्त असतील तर लांब कर्णाचा कोपरा हाताने आत ढकला. विटांमधली फट तळाशी राहते ती बाहेरून खडीने बुजवा, पाणी जाऊ द्या, माती नको.

आतली जमीन टिकावाने वीतभर खोल मोकळी करा. तळाला प्लास्टिक अजिबात घालू नका, नाहीतर उंच वाफा करून पाणी साचायचं ते साचेलच. हरळी असेल तर मुळांसकट काढा. लव्हाळ्याच्या गाठी मात्र चाळून वेचाव्याच लागतात, त्याचे कोंब पुठ्ठ्याचे दोन थर सहज भोसकून वर येतात. घुशींचा त्रास असेल तर तळाशी अर्धा इंची वेल्डमेश जाळी अंथरा आणि कडा फळीला आतून ठोका. हे काम माती भरल्यावर करता येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : 10 फूट लांब वाफ्याच्या बाजू पावसाळ्यात बाहेर फुगल्या आणि एक कोपरा उघडला. फळ्या 1 इंच जाड आहेत, खिळ्यांनी जोडल्या आहेत. पुन्हा सगळं करायचं का?

गरज नाही. तुमच्या वाफ्यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: 1 इंची फळी, मध्ये आधार नाही, आणि भरलेली काळी माती. काळी माती भिजली की फुगते आणि फळीला बाहेर रेटते, सुकली की आकसते. दर वर्षी असं मागेपुढे झाल्यावर खिळा लाकडातून सरकत बाहेर येतो. स्क्रूचे आटे त्याला धरून ठेवतात.

फुगलेल्या बाजूने आतली माती फूटभर रुंद उपसा. दोन्ही लांब बाजूंना आतून, समोरासमोर 3 इंची खांब लावून ते स्क्रूने पक्के करा. एका खांबापासून समोरच्या खांबापर्यंत 10 गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी, तार दुहेरी ओढा, मधोमध एक मोठा खिळा अडकवून पीळ देत जा. फळी हळूहळू आत येताना दिसेल. ती सरळ झाली की थांबा, तडतड आवाज येईपर्यंत पिळू नका. तार मातीखाली 5-6 इंचांवर राहू द्या, म्हणजे खुरपं अडणार नाही. 10 फुटांना अशा दोन तारा हव्यात. शिवाय बाहेरून अर्धा इंची जीआय पाइपचे 2 फुटी तुकडे दर 4 फुटांवर सव्वा फूट ठोकून बसवा. जमिनीत जाणारी वस्तू लोखंडाची असावी, लाकडाची नव्हे. कोपऱ्यातले खिळे काढून त्याच भोकात स्क्रू घालू नका, शेजारी अर्धा इंच सोडून नवीन भोक पाडा.

प्रश्न (अकोला) : वाळवी फार आहे. सुतार म्हणतो, फळ्यांना गाडीचं जळकं ऑइल लावा, वाळवी फिरकणार नाही. भाजीच्या वाफ्याला ते लावावं का?

लावू नका. कुंपणाच्या खांबांना ते लावायची जुनी सवय आहे, पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये इंजिनातून झिजलेले धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. पावसाबरोबर ती मातीत उतरतात, आणि मुळा, बीट, पालक त्याच मातीत वाढतात. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरलाही हेच लागू आहे, त्यांत क्रिओसोट, म्हणजे डांबरापासूनचं विषारी तेल, मुरवलेलं असतं. कीटकनाशक फवारून वाळवी मारायचा सल्लाही भाजीच्या वाफ्यात मानू नका.

वाळवी जमिनीतून येते आणि उजेड टाळते. फळीवर चढताना ती मातीची नळी बांधते. म्हणून फळी जमिनीपासून 2 इंच वर विटेवर ठेवायची आणि विटेचा बाहेरचा भाग उघडा दिसू द्यायचा. आठवड्यातून एकदा वाफ्याभोवती फेरी मारून नळ्या खराट्याने पाडा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि उपयोगी आहे. आतून मातीचा थेट स्पर्श तोडायला शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद फक्त बाजूंना लावा. त्याची वरची कड पट्टीखाली दाबून घ्या, नाहीतर कागद आणि फळी यांच्यामध्ये पाणी उतरतं आणि फळी कायम ओली राहते. तसा सैल कागद लावण्यापेक्षा न लावलेला बरा.

तुमच्या भागात जुन्या घरांच्या चौकटी, तुळया मोडीत निघतात. त्यांतलं पक्कं सागवान किंवा बाभळीचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. मात्र जुना रंग चढलेलं लाकूड भाजीला नको. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असणारच असं धरून चाला. तो रंग घासूनही काढत बसू नका, धूळ श्वासात जाते.

प्रश्न (भोसरी) : कारखान्यातून फुकट मिळणारे पॅलेट (मालाखाली ठेवतात त्या लाकडी चौकटी) वापरले तर?

शिक्का बघून वापरा. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि देशाचा कोड असतो, शेजारी प्रक्रियेची इंग्रजी अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवलं आहे, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते सोडून द्या. शिक्का नसलेल्या किंवा तेलकट डाग पडलेल्या पॅलेटवर काय सांडलं होतं ते कळायला मार्ग नसतो, तोही नको.

एवढं करून पॅलेटच्या पट्ट्या बहुधा पाऊण इंची पाइनच्या निघतात आणि उघड्यावर दोन पावसाळे काढतात. पहिला वाफा जागा योग्य आहे का हे बघण्यापुरता करायचा असेल तर तेवढं पुरे आहे. पट्ट्या पहारीने उचकटू नका, त्यांचे खिळे पिळाचे असतात आणि पट्टी फाटते. फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळेच कापा.

प्रश्न (नागपूर) : वाफ्यात रोपवाटिकेतून आणलेली लाल माती भरली. महिन्यात ती विटेसारखी घट्ट झाली, पाणी वरच साचतं. वाळू मिसळू का? आणि अशा वाफ्याला एकूण माती किती लागते?

वाळू मिसळू नका. चिकण कण मातीत जास्त असतील तर चार-दोन घमेली वाळूने ती मोकळी होत नाही, उलट वाळूच्या कणांमध्ये चिकणमाती बसून आणखी कडक होते. तुमच्या मातीत सेंद्रिय भाग नाही आणि पाइपच्या जोरदार धारेने वरचा थर लिंपला गेला आहे. नागपूरच्या उन्हाने बाकीचं काम केलं.

तिचा पोत घरीच तपासा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून पाच मिनिटं जोरात हलवा. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, पुढच्या दोनेक तासांत बसतो तो पोयटा, दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. चिकणमातीचा थर तिसऱ्या हिश्शाहून जाड असेल तर त्या मातीत कुजलेलं खत भरपूर लागेल.

वाफ्याचं मिश्रण घमेल्याने मोजा: दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं भाताचं तूस किंवा भिजवलेलं कोकोपीट. 4 बाय 8 च्या वाफ्याला वर अर्धा किलो निंबोळी पेंड. कोकोपीटची 5 किलोची वीट भिजून 60 ते 75 लिटर होते. ती दोन पाण्यांनी धुवा, नारळाच्या भुशात क्षार असतात आणि रोपांच्या पानांच्या कडा त्यानेच करपतात. लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळू नका. तो कुजवताना जिवाणू मातीतला नत्र वापरून टाकतात आणि रोपं पिवळी पडतात.

शेणखत कुजलं की नाही हे ढिगाच्या पोटात हात घालून कळतं. हाताला गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्चं खत वळवाच्या पावसात घातलं की भुंगेरे त्यात अंडी घालतात आणि श्रावणात उभं रोप हुमणीने, म्हणजे भुंगेऱ्याच्या अळीने, मुळाशी खाल्लेलं सापडतं.

आता माप. दीड इंची फळ्या वजा जाता आत 3 फूट 9 इंच बाय 7 फूट 9 इंच जागा राहते, फूटभर उंचीला 29 घनफूट. माती बसते म्हणून 34-35 घनफूट धरा, म्हणजे ब्रासचा (100 घनफुटांचा) तिसरा हिस्सा. माती ब्रासने घेताना हे सांगा, नाहीतर पूर्ण ब्रास दारात ओतला जातो.

एक सांगायलाच हवं. विदर्भात उन्हाळी भाजीला 12 इंच उंच वाफा सोयीचा नाही. तो चारही बाजूंनी तापतो आणि दिवसातून दोनदा पाणी मागतो. पावसाळ्यात पाणी साचत नसेल तर 6 ते 8 इंच उंची पुरे, आणि मार्च ते जूनपर्यंत वर 2-3 इंच पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. पाणी झारीने द्या, आणि वाफसा आल्यावरच खुरपं लावा. मूठभर माती दाबून गोळा करा. अंगठ्याने दाबल्यावर तो फुटला तर वाफसा आहे, चेपला गेला तर एक दिवस थांबा.

प्रश्न (डोंबिवली) : हाच वाफा इमारतीच्या गच्चीवर केला तर?

हाच नको. फूटभर ओल्या मातीचं वजन एका चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जातं. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार 1.5 किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण 150 किलो आहे. हिशेब तिथेच संपतो. जुन्या इमारतीत गच्चीवर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याचे थर आधीच चढलेले असतात, ते वेगळं.

गच्चीवर 8 इंच खोलीचं, तळ असलेलं लाकडी खोकं करा आणि त्यात माती न घालता कोकोपीट, गांडूळखत आणि तूस भरा. ओलं असताना हे मिश्रणही चौरस मीटरला 160 किलोच्या आसपास जातं, म्हणून खोकी एकत्र न मांडता कडेने, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. किती ठेवायची ते आधी इमारत पाहिलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या, त्याशिवाय सोसायटीकडे परवानगी मागूच नका. तळाला दर 6 इंचांवर अर्धा इंची भोकं पाडा, खाली 3 इंचांचे पाय द्या, म्हणजे पावसाचं पाणी पाइपकडे वाहत राहील आणि गच्ची वाळेल. एवढ्या खोलीत मेथी, पालक, कोथिंबीर, कांदापात छान येते. वांगं आणि टोमॅटो नाहीत.

प्रश्न (न्यू जर्सी) : इथल्या दुकानात ‘ट्रीटेड’ लाकूड स्वस्त आहे. त्यात मेथी-कोथिंबीर लावणं सुरक्षित आहे का? आर्सेनिकबद्दल वाचलं होतं.

अमेरिकेत आर्सेनिकयुक्त प्रक्रियेचं लाकूड घरगुती वापरासाठी बनवणं 2003 च्या अखेरीस थांबलं. आज मिळतं ते तांब्यावर आधारलेल्या प्रक्रियेचं असतं आणि वाफ्याला चालतं. कुणाच्या अंगणातून काढलेलं जुनं हिरवट लाकूड फुकट मिळालं तरी घेऊ नका. तांब्यामुळे साधे स्क्रू लवकर गंजतात, स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेलेच वापरा. मन मानत नसेल तर सीडर घ्या. मापात फसू नका: तिथे ‘2 बाय 10’ म्हणतात ती फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते, मातीचा हिशेब त्या उंचीने करा.

प्रश्न (सातारा) : मे महिन्यात काठोकाठ भरलेली माती पहिल्या पावसांत चार बोटं खाली बसली. काही चुकलं का?

नाही. पहिल्या हंगामात पाचव्या हिश्शापर्यंत माती बसतेच, कारण खत कुजत जातं आणि पोकळ्या भरतात. वर फक्त गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत घाला, नवी माती नको. आत उभं राहून तुडवलं असेल तर मात्र ते थांबवा. 4 फूट रुंदी ठेवायची ती दोन्ही बाजूंनी 2 फुटांपर्यंत हात पोचावा म्हणूनच. वाफा भिंतीला लागून असेल तर रुंदी अडीच फुटांपेक्षा जास्त ठेवू नका. रोपं आधीच लावलेली असतील तर भर घालताना मिरची आणि वांग्याच्या खोडाभोवती तीन बोटं जागा मोकळी सोडा, ओलं खत खोडाला टेकलं की ते तिथे सडतं. टोमॅटोला खोडापर्यंत लावलं तरी चालतं, त्याला पुरलेल्या खोडावर नवी मुळं फुटतात.